किडनी बिघडलेल्या कुत्र्याला खाऊ द्यायचा तरी कोणता?

मोत्याचा रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी तो कागद ओसरीवर चार हातांतून फिरला. क्रिएटिनिन ३.१, फॉस्फरस ६.४. यातला पहिला शब्द आमच्याकडे कोणाला नवा नाही. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथे, ज्यांची सोयरीक आहे, त्यांनी तो माणसांच्या किडनीच्या आजारपणात कधी ना कधी ऐकलेला असतो. दुसऱ्या शब्दाशी ओळख मात्र डीएपी खताच्या पोत्यापुरती. आईने कागदाची घडी करून कोनाड्यात ठेवली आणि विचारलं, "मंग आता त्याले द्यावं तरी काय? चहाच्या टायमाले तो रोज दारात येऊन बसते."

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली होती, जेवण कसं ठेवायचं ते सांगितलं होतं, आणि खाऊबद्दल एकच वाक्य होतं: "बाहेरचं काही देऊ नका." फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी तेवढं पुरतं. गावातल्या कुत्र्याचं घर कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, हे त्यालाही माहीत नसतं. सकाळी आमच्याकडे भाकर, मग शेजारच्या काकूंकडे दूध, दुपारी पानठेल्यावर टोस्ट आणि रविवारी मटणाच्या दुकानामागे हाडं. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. वर्षभर डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं ते इथे मांडतो आहे. गोळ्या आणि दोन वेळचं जेवण त्यांनीच ठरवायचं. आपण फक्त मधल्या वेळच्या घासाबद्दल बोलू.

## निंदणाच्या बायांचं गणित

किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. रक्त त्यांच्यातून जातं, कामाचं परत घेतलं जातं आणि नको ते लघवीत उतरतं. एकदा मेलेला नेफ्रॉन परत उगवत नाही.

समजा, कपाशीच्या वावरात निंदणाला शंभर बाया आहेत. वीस जणी घरी गेल्या तरी उरलेल्या ऐंशी जणी काम ओढून नेतात. धुऱ्यावरून पाहणाऱ्या मालकाला वावर स्वच्छच दिसतं. चाळीस गेल्या तरी फारसं कळत नाही. पंचवीस-तीसच उरल्या की एकाएकी जिकडेतिकडे तण दिसू लागतं, आणि मालक म्हणतो, कालपरवापर्यंत तर सगळं बरोबर होतं! क्रिएटिनिनचं असंच आहे. स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा हा कचरा. किडनीची साधारण पाऊण ताकद जाईपर्यंत रक्तातला त्याचा आकडा मर्यादेबाहेर जात नाही.

त्याआधी दिसणारी खूण म्हणजे कुत्रा जास्त पाणी पितो आणि जास्त मुततो. आता मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, कुत्रं दिवसभर पाणी पितंय याचं कोणाला नवल वाटणार? आम्हालाही वाटलं नाही.

कारणं बरीच असतात. वय असतं, गोचिडांमुळे येणारा ताप असतो. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसही असतो. बरेचदा कारण सापडतच नाही. आजार किती पुढे गेला हे सांगायला डॉक्टर आयरिस नावाच्या आंतरराष्ट्रीय पशुवैद्यक गटाची चार टप्प्यांची पद्धत वापरतात. क्रिएटिनिन १.४ च्या खाली असेल तर पहिला टप्पा, २.८ पर्यंत दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि त्याच्या वर चौथा. मोत्या तिसऱ्यात होता.

## पोत्यातला फॉस्फरस आणि पोटातला फॉस्फरस

डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं, त्यातला ४६ चा आकडा फॉस्फरसचा. पिकाला लागतो तसा तो शरीरालाही लागतो. हाडांत असतो, मांसात असतो, प्रत्येक पेशीत असतो. खाण्यातून जास्तीचा आला तर चांगली किडनी तो लघवीतून फेकून देते. बिघडलेली किडनी फेकू शकत नाही आणि तो रक्तात साचतो.

मग गळ्याजवळच्या चार चिमुकल्या ग्रंथी गडबडतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढू लागतात. हे कॅल्शियम आणि साचलेला फॉस्फरस एकत्र येऊन मऊ अवयवांत, खुद्द किडनीतही, थर धरतात. खारपाणपट्ट्यात पाण्याच्या गुंडाला आतून पांढरा थर चढतो, तसा. म्हणजे ज्या पंचवीस बाया वावरात उरल्या आहेत, त्यांच्यातल्याही चौघी घरी जातात.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३८ आजारी कुत्र्यांवर दोन वर्षं अभ्यास झाला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांना किडनीसाठीचं खास अन्न दिलं, ज्यात फॉस्फरस, प्रोटीन आणि मीठ कमी होतं, बाकीच्यांना नेहमीचं. खास अन्नावरच्या कुत्र्यांत रक्तात विष चढून अत्यवस्थ होण्याचा धोका सुमारे पाऊणपट कमी झाला आणि ती बरीच जास्त जगली. किडनीच्या आजारात खाणं हे औषधाच्या बरोबरीचं आहे, असं डॉक्टर म्हणतात ते यामुळे.

रक्तातला फॉस्फरस दुसऱ्या टप्प्यात ४.६ च्या खाली, तिसऱ्यात ५ च्या खाली आणि चौथ्यात निदान ६ च्या खाली ठेवायचा असतो. मोत्याचा ६.४ म्हणजे त्याच्या टप्प्यासाठी चांगलाच वर.

## एवढासा तुकडा दिला तर काय होते?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. उत्तर हिशोबात आहे.

मोत्यासारख्या १५ किलोच्या, फारसं न पळणाऱ्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ७०० ते ८०० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे ७०-८० कॅलरी. अर्ध्या ज्वारीच्या भाकरीत तो संपला! कुत्रं भाकरीने पोट भरून बसलं की त्याचं ठरवलेलं जेवण उरतं, आणि त्या जेवणाचा फायदाही तिथेच राहतो.

हे झालं कॅलरीचं. किडनीच्या खास अन्नातून अशा कुत्र्याला दिवसभरात जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस मिळतो. आता काकूंचं वाटीभर दूध धरा: २०० मिलीत १८० ते २०० मिलिग्रॅम, म्हशीचं असेल तर त्याहून जास्त. मूठभर फल्लीदाण्यांत (शेंगदाण्यांत) शंभराच्या वर. एका अंड्याच्या पिवळ्या बलकात ६५ च्या जवळपास. तिन्ही मिळून अख्ख्या दिवसाच्या फॉस्फरसचा जवळपास पाऊण हिस्सा झाला, आणि कुत्र्याने तर "काहीच खाल्लं नाही".

याउलट शंभर ग्रॅम टरबुजात जेमतेम ११ मिलिग्रॅम. सफरचंदातही तेवढाच. म्हणून फक्त तुकडा केवढा आहे हे पाहून भागत नाही, तो कशाचा आहे हेही पाहावं लागतं.

## "हलकं आहे" म्हणून दिलं जाणारं

आजाऱ्याला हलकं द्यावं ही आपली रीत. पण आपल्या हलक्याच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी इथे उलट्या पडतात.

दुधाचं वर आलंच. ताक पातळ असलं तरी त्यात मीठ घातलेलं असतं. सगळ्यात मोठा घोटाळा मटणाच्या अळणी पाण्याचा. बाळंतिणीला, आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आपण अळणी देतो, आणि कुत्रं खात नसलं की तेच त्याच्या भाकरीवर ओततो. मांस उकळलं की त्यातला फॉस्फरस आणि पोटॅशियम पाण्यात उतरतात. म्हणजे जे टाकून द्यायचं ते आपण पाजतो आणि जे त्यातल्या त्यात चालेल ते स्वतः खातो! कधी चिकनचा तुकडा द्यावाच लागला तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, पाणी ओतून द्यायचं आणि नखाएवढे तुकडे मोजून द्यायचे.

हाडाबद्दल तर बोलायलाच नको. हाड म्हणजे मुळात कॅल्शियम आणि फॉस्फरसचाच दगड. "चावू दे, दात साफ होतात" हे ऐकून घ्यावं आणि हाड देऊ नये. सुकी मासोळी तशीच, वर मिठाने माखलेली. सावजी रश्शात बुडवलेली पोळी म्हणजे मीठ, मसाला, कांदा, लसूण सगळं एकदम.

वरण बिचारं निरुपद्रवी वाटतं. डाळींत फॉस्फरस बराच असतो, पण धान्य-डाळींतला फॉस्फरस अशा रूपात बांधलेला असतो की कुत्र्याला तो पूर्ण पचत नाही; मांस-दुधातला त्यापेक्षा सहज शोषला जातो. त्यामुळे घासभर बिनमिठाच्या वरणाने आभाळ कोसळणार नाही. अडचण फोडणीची, लसणाची आणि चिंचेची आहे. चिंचेकडे पुढे येतो.

पानठेल्यावरचा टोस्ट, बिस्किट आणि फरसाण यांत मीठ तर असतंच, पण बऱ्याच पाकीटबंद पदार्थांत फॉस्फेटचे क्षारही मिसळलेले असतात. हा फॉस्फरस बांधलेला नसतो, जवळजवळ सगळा रक्तात जातो. पाकिटावर "फॉस्फेट" हा शब्द दिसला की ते पाकीट आपल्यासाठी, कुत्र्यासाठी नाही. (आपल्यासाठीही फार चांगलं नाही, पण तो वेगळा लेख.)

## मग द्यायचं काय?

आमच्या घरी जे जमलं ते सांगतो, कारण ते कुठल्याही गावात मिळतं.

उन्हाळ्यात टरबूज, बिया आणि साल काढून, बोटाच्या पेराएवढे तुकडे. मोत्या त्यासाठी झोपेतून उठतो. काकडी किंवा वाळूक, कडू नाही ना ते आधी स्वतः चाखून. सफरचंदाची फोड, बी काढून. गाजर कच्चं दिलं तर कुरकुर आवाज करत खातो, त्यामुळे हाडाची हौसही थोडी भागते. दुधीचे आणि कोहळ्याचे उकडलेले तुकडे, मीठ न घालता. संत्र्याच्या हंगामात एखादी फोड, पांढऱ्या शिरा आणि बी काढून. बहुतेक कुत्री तोंड वाकडं करतात, आमचा खातो, नागपूरच्या मातीचा असावा.

साबुदाणा हा मला लागलेला खरा शोध. तो जवळजवळ नुसता स्टार्च, फॉस्फरस अगदी नावाला. भिजवून पाण्यात शिजवला की मऊ गोळे होतात आणि गोळी लपवायला बरे पडतात. फक्त तो साबुदाणा असावा, उपासाची खिचडी नव्हे. खिचडीतले दाणे सगळा हिशोब बिघडवतात. पांढऱ्या भाताचा लिंबाएवढा गोळा, वर थेंबभर तूप, हेही चालतं. तुपात फॉस्फरस नसतो; पण जास्त तूप झालं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून थेंबभरच.

मांसाशिवाय ज्याचं पानच हलत नाही त्याच्यासाठी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आहे. प्रोटीन उत्तम दर्जाचं आणि फॉस्फरस एका अंड्याच्या पांढऱ्यात ५ मिलिग्रॅमच्या घरात. बलक घरातल्या पोरांना द्या. पांढरंही किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून, कारण प्रोटीनचा हिशोब त्यांनी जेवणात आधीच धरलेला असतो.

केळी, रताळं, नारळपाणी आणि गूळ मी या यादीत मुद्दाम घातले नाहीत. त्यांत पोटॅशियम जास्त. किडनीच्या आजारात काही कुत्र्यांचं पोटॅशियम घसरतं, काहींचं चढतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ते आणखी चढतं. चढलेलं पोटॅशियम थेट हृदयावर जातं. रिपोर्टमध्ये तो आकडा असतो. तो दाखवून विचारायचं आणि मगच केळ्याचं साल सोलायचं.

## यांना घरातच थारा नको

द्राक्षं, मनुका, किसमिस. निरोगी कुत्र्याचीही किडनी यांनी अचानक बंद पडू शकते आणि किती खाल्ल्यावर पडेल याचा नेम नाही. असं का होतं हे वर्षानुवर्षं कोडं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्याही किडन्या बिघडल्याची नोंद नंतर झाली. म्हणून वर चिंचेचं नाव घेतलं.

कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. किडनीच्या आजारात रक्त आधीच कमी झालेलं असतं, कारण रक्त तयार करायचा निरोप किडनीच पाठवते. चॉकलेट आणि शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल हेही विषच.

आणि खाऊ नाही, पण खाऊत घालून दिली जाते म्हणून सांगतो: माणसांची दुखण्याची गोळी. कुत्रं लंगडतंय म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन भाकरीत कुस्करून द्यायची नाही. आपल्या आभाळातली गिधाडं आठवा. डायक्लोफिनॅक टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांच्या किडन्या बंद पडल्या, आणि शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध देशात बंद करावं लागलं.

## "आमच्या आज्याचे कुत्रे हाडं खाऊनच जगले"

जगले, कारण त्यांच्या शंभर बाया वावरात होत्या. आणि किती जगले हे कोणी मोजलं नाही. सहा-सात वर्षांत कुत्रं गेलं की "म्हातारं झालं होतं" म्हणायचं. मोत्या अकरा वर्षांचा आहे.

दुसरी शंका याच्या उलट्या टोकाची. "मंग प्रोटीन बंदच करून टाकतो." नको. प्रोटीन तोडलं की कुत्रं स्वतःचे स्नायू जाळतं, पाठीचा कणा वर येतो आणि त्या जळण्याचा कचराही किडनीलाच काढावा लागतो. कमी आणि चांगलं, असं ते गणित आहे.

तिसरी शंका हुशार माणसांची: "फॉस्फरस बांधायची गोळी चालू आहे ना, मग दूध चालेल." ही गोळी जेवणासोबत पोटात असते तेव्हा त्या जेवणातला फॉस्फरस पकडते. सकाळी आठला दिलेली गोळी दुपारी तीनच्या दुधासाठी थांबून राहत नाही.

तालुक्यात आता दुकानात कुत्र्यांचा खाऊही मिळतो: चामड्याच्या गुंडाळ्या, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, कॅल्शियमची हाडं. किडनीच्या कुत्र्याला यातलं काही नको. मांसाच्या पट्ट्यांबद्दल तर अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने २००७ पासून इशारे दिले आहेत; त्या खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांत किडनीच्या तक्रारीही होत्या. किडनीचं खास तयार अन्न मात्र परवडत असेल तर घ्यावंच, आणि त्याचेच चार दाणे बाजूला काढून खाऊ म्हणून द्यावेत. कुत्र्याला ते हातातून मिळालं की वेगळंच काही मिळाल्यासारखं वाटतं. परवडत नसेल तर घरचं जेवण कसं बसवायचं हे मोबाईलवर पाहून ठरवू नका. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यकांची पदव्युत्तर संस्था आहे. एकदा रिपोर्ट घेऊन जाऊन यायला एक दिवस लागतो.

## गल्लीचं काय करायचं?

खरी लढाई इथे आहे. पहिला महिना आम्ही घरात सगळं पाळलं आणि पुढच्या तपासणीत फॉस्फरस होता तिथेच. मग लक्षात आलं की मोत्याचं अर्धं जेवण गल्लीत होतं.

काकूंना "दूध देऊ नका" म्हटलं तर त्या रुसल्या. "मी काय त्याले जहर देऊन राहिली का?" त्यांचं चुकत नव्हतं. रोज दारात येणाऱ्या मुक्या जीवाला रिकाम्या तोंडी परत लावणं कोणाला जमतं? शेवटी आईने तोडगा काढला. रोज सकाळी एका छोट्या डब्यात त्याचा दिवसाचा खाऊ मोजून भरायचा, आणि त्यातला अर्धा दुसऱ्या डबीत काकूंकडे पोचवायचा. द्यायचं त्यांनीच, फक्त आमच्या डबीतलं. पानठेलेवाल्या भाऊंना गाजराचे तुकडे नेऊन दिले तेव्हा ते हसले, पण आता तेच गिऱ्हाइकांना बजावतात, "टोस्ट नका टाकू बाप्पा, किडनीचा पेशंट आहे."

मटणाच्या दुकानावर असा काही उपाय चालला नाही. रविवारी सकाळी मोत्या साखळीला असतो. पोळ्याला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला आणि गावच्या महाप्रसादालाही. उष्ट्या पत्रावळींवर किसमिस घातलेला शिरा, भाजी आणि वडे एकत्र पडलेले असतात, आणि कुत्रं काही निवडून खात नाही.

पाणी मात्र कधीच मोजायचं नाही. जास्त मुततो म्हणून पाणी कमी करणं ही सगळ्यात वाईट चूक. ज्या गावात माणसं खारं पाणी सोडून फिल्टरचं कॅन आणतात, तिथे कुत्र्याच्या भांड्यातही कॅनचंच पाणी ओतावं.

## खातच नाही तेव्हा

रक्तात कचरा वाढला की मळमळतं, तोंडाला घाण वास येतो, कधी हिरड्यांवर फोड येतात. अशा वेळी "काहीतरी तर पोटात जाऊ दे" म्हणून घरातले मटणाकडे वळतात. आधी डॉक्टरांना कळवा. मळमळीवर औषध असतं. जेवण किंचित कोमट केलं तर वास सुटतो आणि कुत्रं तोंड लावतं. गोळ्या त्याच्या रोजच्या जेवणात कालवू नका, एकदा कडू लागलं की ते जेवणच कायमचं टाकतं. गोळी साबुदाण्याच्या गोळ्यात, जेवण वेगळं.

पुढे एक दिवस असा येतो की आकडे कशानेच खाली येत नाहीत आणि डॉक्टर स्वतःच म्हणतात, आता त्याला आवडेल ते द्या. त्या दिवसांत फॉस्फरसचा हिशोब बाजूला ठेवायला हरकत नसते. दूध तर दूध, भाकर तर भाकर, मटणाचा मऊ तुकडा मागितला तर तोही. कांदा आणि किसमिस मात्र तेव्हाही नाही. उरलेले चार दिवस उलट्या करण्यात जायला नकोत.